पसंती क्रमांक आणि चोरीला गेलेले वाहन (सातारा)

शासकीय शुल्क भरून स्वतः निवडून घेतलेला वाहनाचा नोंदणी क्रमांक म्हणजे पसंती क्रमांक. सातारकर त्याला 'चॉईस नंबर' किंवा 'फॅन्सी नंबर' म्हणतात. असा क्रमांक असलेली गाडी चोरीला गेली, की मालकाला गाडीइतकीच नंबरचीही काळजी लागते. गाडीचे काय करायचे हे पोलीस आणि विमा कंपनी सांगतात. नंबरबद्दल मात्र गैरसमज फार आहेत, म्हणून ही नोंद मुख्यतः त्याविषयी आहे.

सातारा आरटीओचे संकेतचिन्ह एमएच ११ आहे. याच जिल्ह्यातील कराड कार्यालयाचे एमएच ५०, तर शेजारच्या सांगलीचे एमएच १०. संकेतचिन्हानंतर मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार आकडे येतात. मालिका ९९९९ला संपली, की नव्या अक्षरांची मालिका उघडते. पसंती क्रमांकाची तरतूद महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये शुल्क वाढले. चारचाकीसाठी ०००१ या क्रमांकाला मुंबई-पुण्यासारख्या जास्त मागणीच्या ठिकाणी ६ लाख रुपये आणि इतरत्र ५ लाख रुपये मोजावे लागतात. राखून ठेवलेला क्रमांक पती, पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावे वर्ग करण्याची मुभाही त्याच वेळी मिळाली. एकाच क्रमांकाला अनेक अर्ज आले, तर जास्त रकमेचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) देणाऱ्याला तो मिळतो.

हे पैसे हौसेपोटीच जातात असे नाही. कोणी मुलीच्या जन्मतारखेचे आकडे घेतो, कोणी बेरीज नऊ येणारे. वडिलांच्या ट्रॅक्टरचा नंबर मुलगा बुलेटला घेतो, मग चारचाकीला. ४१४१ची 'दादा' आणि २१४ची 'राम' अशी रंगवलेली पाटी जिल्ह्यात कोणालाही वाचता येते. आकड्यांना असे अक्षरांचे वळण देणे नियमबाह्य आहे, आणि चोरीच्या तपासात ते मालकाच्याच अंगाशी येते, कारण कॅमेऱ्याला अशी पाटी वाचता येत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ४१ नुसार नोंदणी प्राधिकारी क्रमांक देतो तो वाहनाला. शुल्क भरणाऱ्याला निवडीचा हक्क मिळतो, पण आकड्यांची मालकी मिळत नाही. त्यामुळे गाडी गेली तरी क्रमांक त्या गाडीच्या चासी क्रमांकाशी जोडलेलाच राहतो. तोच संपूर्ण क्रमांक एकाच वेळी दुसऱ्या गाडीला लागू शकत नाही. जुन्या गाडीचा क्रमांक नव्या गाडीला घेण्याची सोय दिल्लीत आहे, पण असे नियम राज्यागणिक बदलतात. ब्रिटनची पद्धत वेगळी आहे. तिथे खासगी क्रमांक गाडीवरून उतरवून राखून ठेवता येतो. गाडी चोरीला गेली, तर पोलिसांत नोंद करून ठरलेल्या मुदतीत तो परत मागता येतो. इंटरनेटवर ती माहिती वाचून आलेले अर्जदार इथल्या खिडकीवर निराश होतात.

सातारकर यावर काढतात तो मार्ग साधा आहे: चालू मालिकेत तेच चार आकडे घ्यायचे. अक्षरे बदलतात, पण घरातले सगळे ज्या आकड्यांनी गाडी ओळखतात ते तेच राहतात. शुल्क मात्र नव्याने भरावे लागते. मालिका अर्ध्यावर असेल आणि आकडे गेलेले असतील, तर पुढची मालिका उघडेपर्यंत थांबणारेही आहेत. माझ्या मते दुसऱ्या नंबरची गाडी फिरवण्यापेक्षा पाच-सात महिने थांबणे बरे, कारण एकदा पाटी लागली की ती बदलत नाही.

त्याआधी जुना क्रमांक सुरक्षित करावा लागतो. कायद्याच्या व्याख्येत ज्याच्या नावावर नोंदणी तोच मालक. गाडी चोराकडे असली तरी ई-चलन मूळ मालकाच्या मोबाईलवर येते आणि अपघात झाला तर नोटीसही त्याच्याच दारात येते. म्हणून ११२ वर फोन करून ताबडतोब एफआयआर नोंदवावा. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो. एफआयआरची प्रत आणि लेखी अर्ज आरटीओत द्यावा, म्हणजे गाड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या 'वाहन' या संगणक प्रणालीत त्या क्रमांकाचे व्यवहार रोखता येतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. दोन वर्षांनी चलन आले तर तो शिक्काच कामी येतो.

फास्टॅग बंद करण्याची घाई मात्र करू नये. गाडी पुण्याकडे गेली तर आनेवाडीच्या टोलनाक्याचा मेसेज येतो, कोल्हापूरकडे गेली तर तासवड्याचा. सहा वाजून बारा मिनिटांनी टोल कापल्याची एक ओळ तपासाला दिशा देऊ शकते. तो मेसेज पोलिसांना दाखवून मगच टॅग बंद करावा. सराईत चोर पाटी आधी काढतो, आणि लक्षात राहणारा नंबर तर हमखास. एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उत्पादक कंपनीकडूनच उच्च सुरक्षा पाटी येते. तिचे कुलूप तोडल्याशिवाय ती निघत नाही, पण तोडायला वेळ फारसा लागत नाही.

तपास लागला नाही, तर पोलीस न्यायालयाकडे 'अ समरी' मागतात. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा तिचा अर्थ. ती मिळाल्यावर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या, आरसी आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या घेते. हे फॉर्म मालकी हस्तांतराचे आहेत. त्यांच्यावर सही झाली, की गाडीबरोबर तिच्या क्रमांकावरचा दावाही कंपनीकडे जातो. नंबरविषयी आरटीओत काही विचारायचे असेल तर ते या सह्यांच्या आधी विचारावे. कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून, एफआयआर वेळेत असताना, दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

दावा मिळण्याआधी गाडी सापडली, तर ती मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यात उभी राहते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, मालकाला मिळते. तिच्यावर बहुधा परकी पाटी असते. ओळख पटते ती चासीवर ठोकलेल्या सतरा अक्षर-अंकांवरून, आणि त्यानंतर नवी पाटी लागते ती जुन्याच नंबरची.