गाडीवरचा तिरंगा की टेबलावरचा? जुन्या झेंड्यात फरक असा ओळखा

जुन्या बाजारात खादीचा छोटा तिरंगा दिसला की विकणारा हमखास म्हणतो, "साहेब, मंत्र्याच्या गाडीवरचा आहे." बऱ्याचदा तो ऑफिसातल्या टेबलावरचा असतो. दोन्ही खादीचे, दोन्ही छोटे, त्यामुळे नवीन माणूस गाडीच्या झेंड्याचे पैसे देऊन टेबलाचा घरी आणतो.

आधी पट्टी लावा. ध्वजसंहितेत नऊ मापं आहेत, त्यात गाडीचा २२५ × १५० मिमी आणि टेबलाचा १५० × १०० मिमी. पण खादी आटते, कडा उसवतात, म्हणून मी चक्र पण मोजतो. गाडीच्या झेंड्यावर चक्राचा व्यास ४० मिमी, टेबलाच्या फक्त २५, आणि कडेचे धागे कितीही गेले तरी चक्राला काही होत नाही. ध्वजाचं मानक १९५१ चं, १९६४ मध्ये ते इंचांवरून मेट्रिक झालं; इंचातलं माप किंचित मोठं भरतं, तरी दोन-तीन मिमी जास्त भरले म्हणून झेंडा त्याआधीचा असं कुणी सांगितलं तर मानू नका, खादीत तेवढा फरक सहज पडतो.

मग नेफा बघा, म्हणजे काठी जाते ती शिवण. गाडीचा झेंडा बॉनेटच्या मधोमध किंवा पुढे उजव्या बाजूला काठीवर असतो, पाऊस-धूळ सगळं खातो, त्यामुळे लोखंडी काठी असेल तर नेफ्याच्या आत गंजाची सरळ रेघ सापडते आणि वाऱ्यात फडफडणारं टोक विरलेलं असतं. वरवर चोळलेला तपकिरी डाग असेल तर संशय घ्या. टेबलाच्या झेंड्याला वारा लागतच नाही, तो विटतो, तोही खिडकीकडच्या बाजूनंच जास्त.

खरा वापरलेला गाडीचा झेंडा इतका दुर्मिळ का, तर फाटका ध्वज मान राखून, शक्यतो जाळून, खासगीत नष्ट करायचा असा नियमच आहे. आणि गाडीवर लावायचा मान मुळात राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, वरच्या कोर्टांचे न्यायाधीश, परदेशातले आपले राजदूत अशा मोजक्यांनाच. त्यात कुणाच्या गाडीचा हे कापड सांगत नाही, त्यासाठी कागद किंवा फोटोच लागतो.

परदेशी पाहुणा सरकारी गाडीतून जातो तेव्हा उजवीकडे आपला आणि डावीकडे त्यांचा झेंडा असतो. अशी जोडी कागदांसकट एकत्र मिळाली तर घासाघीस करत बसू नका, घेऊन टाका.