प्लास्टर निघालं, आता वाटी घडायची

माझ्या भाचीचं प्लास्टर निघालं त्या दिवशी घरात सगळ्यांना वाटत होतं की संध्याकाळपर्यंत पोरगी घरभर पळणार. खुब्याचा सरकलेला सांधा जागेवर बसवून छातीखालून थेट घोट्यापर्यंत 12 आठवडे प्लास्टर, मधे सहा आठवड्यांनी एकदा बदललेलं, मग आता सुटलीच की! झालं भलतंच. पाय मोकळे झाले तरी बेडकासारखे फाकलेलेच राहिले, उभं करायला गेलं की पाय पोटाशी ओढून किंचाळायची, आणि प्लास्टरच्या आधी लंगडत का होईना पण चालणारी मुलगी चार-पाच दिवस साधी पालथी पडेना. बहीण तर रडकुंडीला आली, काहीतरी बिघडलंय म्हणून. बिघडलं काहीच नव्हतं.

आधी खुबा म्हणजे काय ते बघू. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल, आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं, शाळेत आपण ज्याला उखळीचा सांधा म्हणायचो तोच हा. आता गंमत अशी की जन्मतः ही वाटी बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते, आणि ती खोल आणि गोल होते ती आतला चेंडू नीट मधोमध दाबून बसलेला असतो म्हणून. चेंडूच बाहेर सरकलेला असेल तर वाटीला आकार द्यायला कोणी नाही, मग तिची बशी होते, आणि बशीवर चेंडू थोडाच टिकतो? म्हणून तो अजून सरकतो. हे चक्र म्हणजेच हिप डिसप्लेशिया. मुलींमध्ये जास्त, डाव्या बाजूला जास्त, बाळ पोटात पायाळू असेल किंवा घरात आधी कुणाला असेल तर शक्यता वाढते. बाळाचे पाय सरळ करून दुपट्यात करकचून बांधणंही वाईट, कारण त्याने चेंडू बाहेरच ढकलला जातो.

सहा महिन्यांच्या आत कळलं तर बहुतेक वेळा पट्ट्यांवर भागतं. अर्नोल्ड पावलिक नावाच्या चेक डॉक्टरने हे पट्टे शोधून काढले, त्यात पाय दुमडलेले राहतात पण बाळ लाथा झाडू शकतं, आणि त्या लाथांनीच चेंडू वाटीत रुळतो. मला हे फार आवडलं, इलाज बाळाकडूनच करून घ्यायचा. पण चालायला लागल्यावर लंगडताना लक्षात आलं, जसं आमच्याकडे झालं, तर पट्टे पुरत नाहीत. मग भूल देऊन चेंडू आत बसवायचा, सांध्यात औषध सोडून एक्स-रेवर नीट बसलाय का बघायचं, आणि प्लास्टर. दीड वर्षाच्या पुढे बऱ्याचदा उघडून ऑपरेशन करावं लागतं, कधी हाडही कापून वळवतात. आणि पाय किती फाकवायचे यालाही मर्यादा आहे बरं का. पूर्वी पार आडवे फाकवून ठेवायचे, त्याने चेंडूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दबायच्या आणि हाडाचा तो भाग मरायचा. म्हणून आता मांड्या वर दुमडलेल्या पण बेताच्याच फाकलेल्या ठेवतात.

प्लास्टर कापायची मशीन बघितलीत तर जीव घाबरतो, केवढा तो आवाज! पण तिचं पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापलं जातं, मऊ कातडी पात्याबरोबर हलते म्हणून सहसा कापत नाही. आतून निघालेले पाय बघून मात्र धक्का बसला. पिंडऱ्या काडीसारख्या, कातडीचे पापुद्रे, आणि एक बिस्किटाचा तुकडा, तो आत कधी गेला देव जाणे.

न वापरलेला स्नायू झपाट्याने झडतो. हाडाचंही तसंच, त्याच्यावर भार पडला नाही की शरीर त्यातलं कॅल्शियम काढून घेतं, त्यामुळे प्लास्टर निघाल्यावरचे काही आठवडे हाड ठिसूळ असतं आणि छोट्याशा पडण्यानेही मोडू शकतं. म्हणून उड्या, घसरगुंडी, मोठ्या भावंडांची मस्ती तेव्हा नकोच. पायही ओढून सरळ करायचे नाहीत. कोमट पाण्यात बसवायचं, खेळणं जरा लांब ठेवायचं आणि वाट बघायची. भाची आधी ढुंगणावर घसरली, मग रांगली, मग सोफा धरून उभी, म्हणजे वर्षभराचा सगळा प्रवास तिने पाचेक आठवड्यात परत केला.

चालायला लागल्यावर ती बदकासारखी डुलत होती त्याचं कारण वेगळं. आपण एक पाय उचलतो तेव्हा टेकलेल्या पायाच्या बाजूचा कुल्ल्याचा स्नायू कंबर तोलून धरतो. तो कमजोर असला की उचललेल्या पायाकडे कंबर खाली पडते आणि अंग दुसरीकडे झुकतं. ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जनने 1895 मध्ये हे सांगितलं, म्हणून अजून त्याच्याच नावाने ओळखतात. हे डुलणं काही महिने राहू शकतं, पण कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल किंवा मूल दुखतंय म्हणत असेल तर थांबू नका, दाखवा.

आणि वाटी? ती आत्ता कुठे घडायला लागलीये. एक्स-रेवर वाटीच्या छताचा तिरकेपणा अंशात मोजतात, नवजात बाळात तो साधारण 30 च्या आत असतो आणि दोन वर्षांपर्यंत 20 च्या जवळपास येतो. सांध्यात चेंडू नीट बसलेला असेल तर पहिल्या चार-पाच वर्षांत ही सुधारणा जास्त होते, नंतर मंदावते. पुरेशी झाली नाही तर पुढे ऑपरेशन लागू शकतं, रक्तपुरवठ्याचा त्रासही कधीकधी पार वयात येताना दिसतो, म्हणून हाडांची वाढ थांबेपर्यंत तपासण्या चालूच. मूल छान पळतंय मग कशाला परत एक्स-रे, असं आमच्याकडेही म्हणून झालंय. भाचीचा मागचा आकडा 31 होता, या वेळी 27 आला. पुढची तारीख सहा महिन्यांनी.