बाळाला इसब आहे हे डॉक्टर ओळखतात कसं?

गालावर चट्टे आले, बाळ रात्रभर खाजवतंय, घरात कुणाचीच झोप नाही, मग दवाखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न हाच असतो की डॉक्टर, टेस्ट कुठली करायची? तर अ‍ॅटोपिक डर्मटायटिस, म्हणजे बहुतेक वेळा लहानपणीच सुरू होणारा इसब, तो नक्की सांगणारी एकही रक्ततपासणी अजून नाहीये. बघून आणि विचारूनच ओळखायचा असतो.

१९८० मध्ये हॅनिफिन आणि राज्का या दोन डॉक्टरांनी निकष ठरवून दिले, पण त्यात छोटे निकषच २३, गर्दीच्या ओपीडीत ते कोण बघत बसणार, म्हणून १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये सोपी यादी झाली. त्यात गेल्या वर्षभरात खाज हवीच. मग पाचपैकी तीन गोष्टी: कातडीच्या घड्यांमध्ये पूर्वी त्रास झालेला, आत्ता तिथे दिसणारा इसब, अंगभर कोरडेपणा, दमा किंवा अ‍ॅलर्जीची सर्दी, आणि वयाच्या दोन वर्षांच्या आत सुरुवात. खाजच नसेल तर दुसरं काहीतरी शोधा.

जागा वयाप्रमाणे बदलते. तान्ह्या बाळाला गाल, डोकं, हातापायांची बाहेरची बाजू, पण डायपरखालची कातडी बहुतेक वेळा स्वच्छ असते, कारण तिथे ओलावा टिकतो आणि बाळाचा हात खाजवायला पोचत नाही! मोठं झालं की कोपराच्या आतली बाजू आणि गुडघ्यामागची लवण, तिथली कातडी खाजवून जाड होते, रेघा ठळक दिसतात.

आपल्या सावळ्या रंगावर लाली नीट दिसतच नाही, चट्टा करडा किंवा जांभळट दिसतो, कधी नुसते बारीक खरखरीत दाणे, त्यामुळे गोऱ्या कातडीचे फोटो बघून ठरवू नका. आणि घरात सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल तर आधी खरजेचा विचार करायचा, मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबने खरूज झाकली जाते आणि वाढत राहते.

आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारं रक्तातलं एक प्रथिन, बऱ्याच मुलांमध्ये वाढलेलं असतं पण साधारण २० टक्क्यांमध्ये नॉर्मल येतं, शिवाय जंतांमुळेही वाढतं. अ‍ॅलर्जी पॅनल, म्हणजे एकदम बऱ्याच पदार्थांची अ‍ॅलर्जी बघणारी तपासणी, तिचं मला फार वाईट वाटतं, रिपोर्टमध्ये दूध-अंडं पॉझिटिव्ह आलं की घरचे लगेच बंद करतात, पण पॉझिटिव्ह म्हणजे त्या पदार्थानेच इसब होतोय असं नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली, तर ती टेस्ट कामाची. नाहीतर वाढत्या वयात मुलाचं दूध तोडू नका.