चार बोटांची फट

संभाजीनगरात चिकलठाण्याच्या बाजूला एका गॅरेजात मिस्त्रीनं काळ्या सेडानच्या पुढच्या चाकावर हात आडवा धरला. टायर आणि मडगार्डच्या मध्ये चार बोटं बसली. गाडीचा मालक पंचविशीतला. म्हणाला, "दोन बोटांवर आणा." मिस्त्री मूळचा जालन्याकडचा. त्यानं हात पुसला आणि विचारलं, "कामून खाली करायलाव भाऊ? माझ्याकडं तर लोक वर करून घ्यायला येतात."

मिस्त्री खोटं बोलत नव्हता. मराठवाड्यात सस्पेन्शनला हात लावायचा तो गाडी उचलायला, अशीच रीत आहे. काळी-पिवळी जीप घेतली की पहिल्या महिन्यात मागच्या स्प्रिंगला एखादा पाटा वाढवायचा, कारण नऊ जणांच्या जागेत सोळा बसणार. टेम्पोला तेच, ट्रॉलीला तेच. कमान-पाट्याची दुकानं प्रत्येक तालुक्याच्या नाक्यावर सापडतात. कार आल्या तेव्हाही सवय गेली नाही. कॉईल स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर अडकवून गाडी दोन-तीन सेंटीमीटर वर घेणं हे इथल्या गॅरेजांचं नेहमीचं काम. बफरनं स्प्रिंगचे काही वेढे मुके होतात आणि गाडी ताठ होते, पण तळ वाचतो म्हटल्यावर कोण तक्रार करतो!

आणि तळ वाचवणं गरजेचंच होतं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेल्या डांबरी रस्त्याला दोन-तीन वर्षांत लाटा येतात. परभणी-जिंतूरकडं गाडी चालवलेल्याला हे सांगायला नको. अशा लाटेवर गाडी आधी हवेत तरंगते, मग अंगावर आल्यासारखी खाली बसते, आणि नेमक्या त्या क्षणी पुढं गतिरोधक असतो. 'चेंबर फुटला' हा शब्दप्रयोग त्यातूनच घराघरांत पोचला. इंजिनखालचं ऑईलचं भांडं फुटलं की गाडी थेट टोचनगाडीवर.

अशा मुलखात गाडी मुद्दाम खाली करण्याचं खूळ आलं कुठून? त्याची मुळं दोन आहेत, आणि दोन्ही एकमेकांपासून फार लांब रुजलेली आहेत. आज एकाच स्प्रिंगकडून दोन्हींची फळं मागितली जातात, सगळा घोळ तिथं आहे.

पहिलं मूळ दिसण्याचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या गाड्या घेऊन डिकीत वाळूच्या गोण्या टाकायला सुरुवात केली, म्हणजे मागची बाजू खाली बसेल. गोण्या कटकटीच्या वाटल्यावर कॉईल कापल्या, ठोकळे घातले. या लोकांना वेगात जायचंच नव्हतं. रमतगमत, चारचौघांनी वळून बघावं असं जायचं होतं. सरकारला ते रुचलं नाही. 1 जानेवारी 1958 पासून तिथं कायदा लागू झाला की बदल केलेल्या गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. पुढच्याच वर्षी रॉन आगिरे नावाच्या तरुणानं विमानातले हायड्रॉलिक पंप आपल्या 1957 च्या कॉर्व्हेटला बसवले. पोलीस दिसला की बटण दाबून गाडी वर, पोलीस गेला की खाली. लोअरायडर म्हणजे अशा मुद्दाम खाली केलेल्या गाड्यांच्या उड्या मारणाऱ्या हायड्रॉलिक्सची परंपरा अशी कायद्याला बगल देण्यातून सुरू झाली. हा नियम कॅलिफोर्नियानं 2024 पासून रद्द केला. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं ही पोरं सरकारदरबारी गुन्हेगारच होती.

दुसरं मूळ वळणावर गाडी धरून ठेवण्याचं. याचं माझं आवडतं उदाहरण हडसन कंपनीचं. 1948 च्या मॉडेलला त्यांनी प्रवाशांच्या पायाखालची फरशी चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, वर न ठेवता चॅसिसच्या कडांच्या मध्ये खाली सोडली. गाडीत चढायचं नाही, पाऊल खाली टाकून उतरायचं. साधी कुटुंबाची सेडान, पण वजन खाली गेल्यामुळे ती वळणावर इतरांसारखी कलंडत नसे. तिच्यातून निघालेल्या हॉर्नेटनं 1951 ते 1954 या काळात अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती गाजवल्या. इथं स्प्रिंग कापलेली नव्हती. अख्खी गाडीच खाली आखलेली होती. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

जर्मनीत ही दुसरी वाट नीट बांधली गेली. मोकळे महामार्ग, वेगाची आवड आणि तपासणी संस्थेचा कडक कागद. स्प्रिंग बदलायची तर ती त्या गाडीसाठी मंजूर असली पाहिजे, नाहीतर गाडी रस्त्यावर नको. 1951 साली स्थापन झालेल्या आयबाख या स्प्रिंगवाल्या कंपनीचं नाव आज लोअरिंग स्प्रिंगशी, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या तयार स्प्रिंगशी, जोडलं जातं. शॉकअप बनवणाऱ्या बिल्स्टाईननं पन्नाशीच्या दशकात वायू भरलेला एकनळी शॉकअप मर्सिडीजसाठी आणला. जपाननं दोन्ही वाटा एकत्र केल्या, पण तिथंही तपासणीच्या वेळी तळाखाली 9 सेंटीमीटर मोकळे लागतात.

आता मराठवाडा. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, भोवती सुटे भाग बनवणारे उभे राहिले. दुचाकींचे शॉकअप आणि फोर्क तर वाळूजमधून देशभर जातात. म्हणजे शॉकअपमध्ये तेल किती, सील कुठलं, हे हातानं माहीत असलेली माणसं इथं आधीपासून होती. मग 2001 साली शेंद्र्यात स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळू लागली, 2007 पासून तिथंच ऑडी. ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती आरएस, दीडशे अश्वशक्तीची टर्बो पेट्रोल, 2004 मध्ये आली. 2017 ची आरएस 230 अश्वशक्तीची. 2020 मध्ये 245 वाली फक्त 200 गाड्यांपुरती आली. गाडी आपल्या गावात बनते म्हटल्यावर तिच्यावर जीव जडतोच. जालना रोडवर कारखान्यातल्या इंजिनिअरांच्या, पुरवठादारांच्या, बिल्डरांच्या ऑक्टाव्हिया दिसू लागल्या. ऑक्टोबर 2010 मध्ये शहरातल्या मंडळींनी एकजुटीनं 150 मर्सिडीज एकदम घेतल्या, सुमारे 65 कोटींचा व्यवहार, तेव्हा देशभर बातमी झाली. मला त्या बातमीतल्या रकमेपेक्षा त्यानंतरची दहा वर्षं महत्त्वाची वाटतात. त्या गाड्या जुन्या झाल्या, हात बदलले, आणि बीड-परभणी-लातूरच्या पोरांच्या आवाक्यात आल्या. वापरलेली जर्मन सेडान घेणारा मुलगा ती जशीच्या तशी ठेवत नाही.

नव्या गाड्यांनी आणखी एक कारण दिलं. 2022 च्या स्लाव्हिया आणि व्हर्टस या सेडान भारतासाठी मुद्दाम उंच ठेवल्या, तळाखाली 179 मिलिमीटर. आपल्या रस्त्यांना हे शहाणपणाचंच. पण बाजूनं बघितलं तर चाकावर तीच चार बोटांची फट, धोतर वर खोचून नदी ओलांडणाऱ्या माणसासारखी. दीडशे अश्वशक्तीचं इंजिन घेतलेल्या पोराला ती खुपते.

सुरुवातीचा इलाज आपल्या पद्धतीचा: ग्राइंडर. कॉईलचा एक वेढा कापा, काम झालं. स्प्रिंगचा ताठपणा कामाच्या वेढ्यांवर उलटा अवलंबून असतो. सहातला एक वेढा गेला की उरलेली स्प्रिंग वीस टक्के ताठ होते. शॉकअप मात्र जुनाच, तो ही ताठ स्प्रिंग आवरू शकत नाही. गाडी खड्ड्यातून निघाली तरी उसळत राहते. शिवाय चाक हवेत मोकळं लटकलं की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. याहून वाईट म्हणजे गॅसच्या ज्योतीनं कॉईल तापवून खाली दबू देणं. स्प्रिंगच्या पोलादाला लवचिकपणा मिळतो तो ठरावीक तापमानाला केलेल्या पाणी देण्यातून. ज्योत लागली की ते पाणी उतरलं. जालन्याच्या भट्टीतली सळई वाकवून सरळ करता येते, तसा हिशेब इथं चालत नाही.

मग लोअरिंग स्प्रिंग आल्या, त्यापाठोपाठ उंची कमीजास्त करता येणारे कॉईलओव्हर. यांनी काम सुधारलं, पण एक गोष्ट बदलली नाही. सेडानचं वजन साधारण जमिनीपासून 550 मिलिमीटरवर एकवटलेलं धरलं, तर 30 मिलिमीटर खाली करून वळणावरचा बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार पाच-साडेपाच टक्क्यांनी कमी होतो. बस, एवढाच. उलट पुढं स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपचा एकच खांब, असलेल्या गाडीत चाकाला धरणारा खालचा दांडा, लोअर आर्म, जो जमिनीला समांतर असायला हवा, तो चाकाकडे वर चढतो. गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदू वजनापेक्षाही जास्त खाली जातो. म्हणजे गाडी खाली गेली, पण कलंडण्याचा तरफदांडा लांबला. ते झाकायला आणखी ताठ स्प्रिंग लागते. स्टेअरिंगहून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा, टायरॉडचा, कोन बिघडला की उंचवट्यावर स्टेअरिंग आपोआप हिसका देतं, टायर आतून झिजतो. हडसनवाल्यांनी गाडी खाली आखली होती. आपण आखलेली गाडी खाली दाबतो.

माझं मत विचाराल तर 25-30 मिलिमीटर, सोबत जुळणारे शॉकअप आणि त्याच दिवशी अलाइनमेंट. कारखान्याची आरएससुद्धा युरोपात साध्या ऑक्टाव्हियापेक्षा 15 मिलिमीटरच्या आसपासच खाली असते. दोन बोटांवर आणायचं ते दिसण्यासाठी, आणि तसं कबूल करायला काय हरकत आहे?

डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा उघडला आणि जालना, संभाजीनगरच्या पोरांना पहिल्यांदाच लाटा नसलेला, 120 ची परवानगी असलेला रस्ता दाराशी मिळाला. त्यानंतर गॅरेजात विचारणा वाढली, असं मिस्त्री सांगतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या प्रकरणात स्पष्ट केलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीवर स्प्रिंगची उंची कुठं लिहिलीय, असा युक्तिवाद पोरं करतात. चौकात तो चालूनही जातो. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरसमोर चालेल याची खात्री मला नाही.

गंमत गतिरोधकाची. भारतीय रस्ते परिषदेच्या 1988 च्या मार्गदर्शिकेत तो 3.7 मीटर रुंद, 10 सेंटीमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा गोलसर सांगितला होता. 2.7 मीटर अंतरावर चाकं असलेली सेडान त्यावर उभी राहिली तर तिच्या पोटाखाली उंचवटा साडेपाच सेंटीमीटरही येत नाही. खाली केलेली गाडीही आरामात जाईल. फक्त तसा गतिरोधक आपल्याकडं शोधावा लागतो. गावकऱ्यांनी रातोरात ओतलेला मुरूम-डांबराचा ढीग कुठल्याच मार्गदर्शिकेत बसत नाही.

त्या दिवशी काळ्या सेडानला स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही लागले. फट तीन बोटांवर थांबली. पोरगा जरा नाराज झाला. कंपनीच्या काढलेल्या स्प्रिंगवर मिस्त्रीनं पांढऱ्या रंगानं गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिले आणि मागच्या रॅकवर ठेवल्या. तिथं अशा जोड्या डझनभर होत्या, एमएच 20, 21, 23. कुणी भंगारात देत नाही का, मी विचारलं. "मृगाच्या आदल्या दिवशी रांग लागते," तो म्हणाला.