‘सिद्धीस नेईल’: एका भरवशामागचा जुना वाद

फिलिप्पैकरांस पत्रातले १:६ हे वचन बहुतेक विश्वासणाऱ्यांना पाठ असते. आजारपणात, नोकरी गेल्यावर, भरकटलेल्या मुलासाठी प्रार्थना करताना ते ओठांवर येते: देवाने आरंभलेले काम तो सिद्धीस नेईल. पण पुढच्याच अध्यायात आपले तारण साधून घ्या असे बजावले आहे, आणि लागलीच, तुमच्यात कार्य करणारा देवच आहे असेही. काम कोणाचे, ही गाठ तिथेच पडली.

फ्रान्समधल्या ओरांज येथील धर्मसभेने ५२९ मध्ये, शेवट गाठण्यासाठी संतांनीही देवाची मदत मागत राहावे, असे ठरवले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील सभेने १५४७ मध्ये १:६ च्याच शब्दांचा आधार घेतला, पण अट घालून: माणूस स्वतः कृपेला उणा पडला नाही तर. शिवाय, विशेष प्रकटीकरणावाचून आपण शेवटपर्यंत टिकूच, अशी खात्री कोणी बाळगू नये, असेही बजावले.

खरा तंटा पेटला तो नेदरलँड्समध्ये. १६१० मध्ये चाळीसहून अधिक पाळकांनी पाच कलमांचे निवेदन दिले. पाचव्या कलमात, ख्रिस्ताच्या हातातून विश्वासणाऱ्याला कोणी हिसकावू शकत नाही, हे त्यांनी मान्यच केले होते. मात्र तो स्वतःच्या हलगर्जीपणाने दूर जाऊ शकतो का, हे शास्त्रातून नीट तपासल्याशिवाय आम्ही खात्रीने शिकवणार नाही, एवढेच ते म्हणाले. नकार नव्हता, सबुरी होती. ही गोष्ट आजही फार कमी वेळा सांगितली जाते.

डॉर्ड्रेख्टची धर्मसभा १३ नोव्हेंबर १६१८ ला भरली. फ्रान्सच्या राजाने तिथल्या सुधारित मंडळ्यांच्या प्रतिनिधींना जाऊ दिले नाही. त्यांच्यासाठी राखलेली आसने रिकामीच राहिली. निवेदनवाल्यांना मात्र बसवले ते सभासद म्हणून नव्हे, जाब द्यायला. तोवर त्यांचीही भूमिका ताठर झाली होती: खरा विश्वासणाराही पडू शकतो, असे ते आता उघड म्हणत होते. जानेवारीत त्यांना सभेबाहेर काढले गेले आणि पुढे सुमारे दोनशे पाळकांची पदे गेली. सभा मे महिन्यात आटोपली. त्याच महिन्यात निवेदनवाल्यांची पाठराखण करणाऱ्या वयोवृद्ध राजकारण्याचा शिरच्छेद झाला. आरोप राजकीय होते, पण धर्माचा निकाल आणि सत्तेची कुऱ्हाड यांत फारसे अंतर उरले नव्हते.

खरा विश्वासणारा शेवटपर्यंत टिकतो, असा सभेचा निकाल होता. त्यातला शब्दही फसवा आहे. लॅटिनमधल्या ‘पर्सेवेरान्शिया’ला मराठीत ‘चिकाटी’ म्हटले की सगळा भार माणसावर येतो; चिकाटी धरायची ती माणसाने. सभेला म्हणायचे होते ते उलटे: देव धरून ठेवतो, म्हणून माणूस टिकतो. टिकतो म्हणजे घसरत नाही, असेही नव्हे. दावीद आणि पेत्र यांचे पडणे त्या मसुद्यात नावानिशी आहे. अकरावे कलम तर सांगते की विश्वासणाऱ्यांना देहाच्या शंकांशी झुंजावे लागते आणि ही खात्री त्यांना नेहमी जाणवतेच असे नाही. व्यासपीठांवरून हा निकाल मोठ्या आवाजात सांगितला जातो तेव्हा नेमके हेच कलम गाळले जाते.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या पुनरुज्जीवनाच्या चळवळीत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि मित्रामित्रांत फूट पडली. १९९९ मध्ये आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लुथरन मंडळींनी तारणाच्या खात्रीवर एकत्रित मजकूर स्वीकारला. स्वतःच्या दुबळेपणाकडे पाहून नव्हे, ख्रिस्ताच्या अभिवचनावर विसंबून खात्री बाळगावी, असा त्याचा रोख आहे. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात सामील झाले, २०१७ मध्ये विटेनबर्ग येथे सुधारित परंपरेच्या मंडळ्याही. म्हणजे डॉर्ड्रेख्टच्या दोन्ही बाजूंचे वारस, निवेदनवाल्यांच्या विचाराचे मेथडिस्ट आणि सभेच्या विचाराच्या सुधारित मंडळ्या, आता एका कागदाखाली आहेत. निवेदनाच्या पाचव्या कलमातला प्रश्न मात्र त्या कागदाने निकालात काढलेला नाही.