पऱ्हाटीची ऑक्टोबरची तहान

ऑक्टोबरात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, हिरवं बोंड तोडा आणि नखानं उकला. आत वेचणीचा कोरडा कापूस नसतो. ओलसर पांढऱ्या फाका असतात, बोटाला पाणी लागतं. धागा लांबवण्याचं काम हेच पाणी करतं. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवडे ती आतल्या पाण्याच्या दाबानं ताणली जाते आणि अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते. या दिवसांत ओल कमी पडली तर तंतू आखूड राहतो. मग मागाहून कितीही पाणी द्या, ती लांबी भरून येत नाही.

म्हणूनच ‘एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी’ हा सतत सांगितला जाणारा आकडा मला अपुरा वाटतो. ते पाणी कुठलं आणि कधीचं, हे त्यातून कळत नाही. महाराष्ट्रातला बहुतेक कापूस कोरडवाहू, शेतात पडलेल्या पावसावरच वाढणारा. हेक्टरभर रानात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. समजा पिकानं ६०० मिलिमीटर वापरला, तर झाले ६० लाख लिटर. रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, ३०० किलो निघाली तर किलोमागे २०,००० लिटर, ६०० किलो निघाली तर १०,०००. पाणी तेवढंच लागलं, आकडा मात्र निम्मा झाला.

खरी अडचण वेळेची आहे. जूनमध्ये लावलेल्या १६०-१८० दिवसांच्या संकरित वाणाची बरीच बोंडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरतात. तोवर पाऊस परतलेला असतो आणि सगळी भिस्त जमिनीतल्या ओलीवर. खोल काळी जमीन मीटरभर थरात दीडशे-दोनशे मिलिमीटर ओल पिकासाठी धरून ठेवते. वीतभर मुरमाड जमिनीतली ओल आठवड्याभरात संपते, मग पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, गळतात, कोवळी बोंडंही गळतात. अशा जमिनीत लांब मुदतीचा वाण लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे लवकर येणारा सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण दाट लावावा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं ही पद्धत बरीच पुढे नेली आहे.

‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं जुनी माणसं म्हणतात, त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. कोळपणी किंवा डवरणी म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती डवऱ्यासारख्या औजारानं वरवर हलवणं. काळी माती वाळली की आकसते, भेगाळते आणि त्या भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. डवरणीनं भेगा बुजतात, ओल वर खेचणाऱ्या मातीतल्या बारीक नळ्या तुटतात, आणि पिकाच्या वाटणीचं पाणी पिणारं तणही निघतं. शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळली की ओळींमध्ये सरी पडते. उताराला आडवी असेल तर परतीचा पाऊस तिथेच मुरतो.

आणि शेततळं. वर ३० बाय ३० मीटरच्या, उतरत्या बाजूंच्या, ३ मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. ५० मिलिमीटरचं एक पाणी म्हणजे हेक्टरी ५ लाख लिटर. निम्मं पाणी उडून-पाझरून गेलं, तरी बोंडं भरताना दोन हेक्टरांना एक पाणी मिळतं.