गुडघ्याची वाटी छताकडे

मूल पडून नडगीचे हाड मोडले की घरातल्या सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, 'रॉड टाकावा लागेल का?' बहुतेक मुलांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असेच असते, कारण मुलांचे हाड प्लास्टरमध्ये चांगले जुळून येते. मात्र हाडाचे तुकडे प्लास्टरमध्ये जागेवर राहत नसतील, जखमेतून हाड उघडे पडले असेल किंवा पोटरीतल्या स्नायूंमधला दाब धोकादायक वाढला असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. तिचा निकाल चीर देण्याआधीच्या तयारीवर किती अवलंबून असतो, हे बाहेर बाकावर बसलेल्या आईवडिलांना ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

या तयारीचा पहिला भाग घरच्यांच्याच हातात असतो. परळच्या रुग्णालयात दाखल असलेल्या नातवासाठी कल्याणहून पहाटेच्या लोकलने आलेल्या आजीच्या पिशवीत गरम दुधाचा थर्मास असतो, आणि मूल भुकेने रडत असते. तरीही ते दूध देऊ नये. वरचे दूध पोटात गेले की ते अन्नासारखेच धरतात आणि त्यानंतर ६ तास थांबतात. आईच्या दुधासाठी साधारण ४ तास, तर साध्या पाण्यासाठी १ ते २ तास पुरतात. भुलीत खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया दबते, त्यामुळे उलटी झाल्यास पोटातले द्रव्य फुप्फुसात उतरू शकते. शिवाय अपघातानंतर जठर रिकामे व्हायला एरवीपेक्षा जास्त वेळ लागतो. चुकून काही दिले गेले असेल, तर ते न लपवता भूलतज्ज्ञांना सांगावे.

शस्त्रक्रियागृहात मुलाला उताणे झोपवतात. टेबलाचा पायाखालचा भाग क्ष-किरण आरपार जातील अशा साहित्याचा असतो आणि सी-आर्म हे क्ष-किरण यंत्र बहुधा निरोगी पायाच्या बाजूने आत आणतात, म्हणजे मोडलेल्या पायाशी उभ्या असलेल्या शल्यचिकित्सकाला मोकळी जागा मिळते. मुंबईच्या दमट उकाड्यातून वातानुकूलित खोलीत आलेले मूल लवकर गार पडते, कारण वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते आणि भुलीत अंगाला कापरेही भरत नाही. म्हणून त्याला उबदार हवेचे पांघरूण घालतात.

यानंतरची कृती अगदी साधी दिसते. उताण्या माणसाचा पाय आपोआप बाहेरच्या बाजूला कलतो; ते टाळण्यासाठी मोडलेल्या बाजूच्या कुल्ल्याखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी सरकवतात आणि गुडघ्याची वाटी थेट छताकडे पाहू लागेपर्यंत ती मागेपुढे करतात. एवढ्याशा गुंडाळीला इतके महत्त्व का? वाढत्या वयात हाडातला थोडाफार वाक कालांतराने बराचसा सुधारतो, पण हाड स्वतःच्या अक्षाभोवती पिळलेल्या स्थितीत जुळले, तर तो पीळ सहसा आपोआप सुटत नाही, आणि मूल पाऊल आत किंवा बाहेर वळवून चालू लागते. वाटी सरळ असली की पावलाची दिशा तिच्याशी ताडून पाहता येते.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या डोक्यापाशी, एक नस अगदी त्वचेलगत वळसा घेते. तिथे टेबलाची कड तासभर रुतली, तर पाऊल वर उचलण्याची ताकद जाऊ शकते. म्हणून तिथे आणि टाचेखाली मऊ गादी देतात. मांडीला कापसाचे वेष्टण घालून त्यावर रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा बांधतात, मात्र प्रतिजैविक शिरेतून दिल्याखेरीज तो फुगवत नाहीत, कारण एकदा रक्त थांबले की औषधही पायापर्यंत पोचणार नाही.

बऱ्याच मुलांमध्ये टायटॅनियमच्या दोन लवचीक सळ्या नडगीच्या वरच्या टोकाकडून, वाढीच्या कूर्चापट्टीच्या खालून, दोन्ही बाजूंनी आत सरकवतात. त्या वेळी गुडघा उशीवर वाकवून ठेवतात. ही पट्टी दुखावली तर पायाची वाढ खुंटू शकते किंवा वाकडी होऊ शकते, म्हणून प्रवेशाची जागा आधी सी-आर्मवर पाहून घेतात. हिरव्या चादरी अंथरल्या की निरोगी पाय बहुधा झाकला जातो, आणि म्हणूनच त्या अंथरण्यापूर्वी शल्यचिकित्सक त्या पायाचा गुडघा वाकवून त्याचे पाऊल मांडीच्या रेषेपासून किती वळते, हे पाहून ठेवतात, म्हणजे मोडलेल्या पायाचे पाऊल त्याच्याशी ताडता येते.